टोमॅटोच्या बुडाला काळे डाग, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, गच्चीवर ग्रो बॅगेत टोमॅटोची ६ झाडं आहेत, पानं मस्त हिरवीगार पण फळ लिंबाएवढं झालं की बुडाला काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतोय. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं कुटून घातली, काडीचा फरक नाही. वाचलं की कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढतं, पानांतून बाष्प जास्त उडतं म्हणून बरंचसं तिकडेच जातं आणि एकदा पानात गेलं की तिथून फळात जवळजवळ येतच नाही. मी पाणी दोन दिवसाआड देतो, मधे माती पार भेगाळते, म्हणजे गडबड तिथेच का? रोज थोडं थोडं देऊ की कॅल्शियम नायट्रेट फवारू, आणि फवारलेलं फळापर्यंत पोचतं तरी का? डागवाली फळं तोडून टाकू?