उंदरांवरील भाजण्याचे प्रारूप दर वेळी सारखे कसे ठेवावे?

प्रश्न – ग्रामीण_फार्मसी
मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात एम. फार्म. करते. कडुलिंबाच्या सालीच्या मलमाची चाचणी विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांवर चालू आहे. भूल देऊन, उकळत्या पाण्यात तापवलेला पितळी ठोकळा आम्ही १० सेकंद पाठीवर टेकवतो. ही पद्धत एका जुन्या प्रबंधातून जशीच्या तशी घेतली आहे. तरीही एकाच गटात एकाची जखम दुसऱ्या आठवड्यात भरत येते आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्याची पांढरट, कडक खपली तशीच राहते. औषधाचा गुण कोणता आणि चटक्यातला फरक कोणता, हे मला सांगता येत नाही. काय चुकत असावे?

उत्तर – विकृतिशास्त्र_वर्धा
मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवले की ४४ अंशांना बाह्यत्वचा मरायला सुमारे सहा तास लागतात, तर ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. मात्र हे तापमान त्वचेच्या पृष्ठभागाचे आहे, तुमच्या पातेल्यातल्या पाण्याचे नव्हे. शिवाय जखम किती खोल आहे हे त्याच दिवशी ठरवू नका. जॅक्सन यांनी १९५३ मध्ये सांगितलेला, मेलेल्या भागाच्या लगतचा रक्तप्रवाह मंदावलेला मधला पट्टा पुढच्या एक-दोन दिवसांत मरू शकतो किंवा वाचू शकतो. म्हणून बायोप्सीची (तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढण्याची) वेळ आधीच निश्चित करून सर्व गटांत तीच पाळावी.

उत्तर – जुना_संशोधक
आमच्याकडे तिघे आळीपाळीने ठोकळा धरत होतो. कोणाचा हात जड, कोणाचा हलका. शेवटी गावातल्या लेथवाल्याकडून नळीत मोकळी सरकणारी दांडी करून घेतली, म्हणजे त्वचेवर फक्त ठोकळ्याचेच वजन पडते. ठोकळ्याचा धातू, वजन आणि तळाचे क्षेत्रफळ लिहून ठेवा, पाण्याचा थेंब पुसूनच तो टेकवा, आणि मानेजवळची सैल कातडी टाळा. नर-मादी एकत्र घेऊ नयेत, कारण नराची त्वचा जाड असते; केसांच्या वाढीच्या टप्प्यानेही जाडी बदलते. मेमधल्या आपल्याकडच्या उकाड्यात खोलीचे तापमान रोज टिपून ठेवलेले बरे.

उत्तर – विकृतिशास्त्र_वर्धा
एक राहिले. उंदराच्या कातडीखाली पातळ स्नायूचा थर असतो, त्यामुळे त्याची जखम बरीचशी आक्रसून बंद होते. पारदर्शक कागदावर काढलेले क्षेत्रफळ कमी झाले म्हणजे नवी त्वचा आलीच, असे समजू नये. वेदनाशामक मात्र वगळू नका. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध सर्व गटांना सारखे द्या आणि प्रबंधात मात्रेसह लिहा. दाहशामक गोळ्या दिल्या, तर दाहाचे मोजमापच बिघडते.

ग्रामीण_फार्मसी
आभारी आहे. काल उंदराविना नुसत्या ठोकळ्याला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून पाहिले. पाण्यातून काढून टेबलापर्यंत नेईतोच तो बराच निवतो, आणि मी व माझी मैत्रीण यांच्या चालीतही फरक पडतो. आता पातेले टेबलाशेजारीच ठेवणार आहे. आधी थोड्या उंदरांवर बायोप्सीसह प्राथमिक चाचणी घेण्यासाठी प्राणी नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज सोमवारी देते.