वेल्डिंगचे शिकाऊ दिवस: होल्डर हातात यायच्या आधी आणि नंतर

पुतण्या यंदा औंधच्या आयटीआयला वेल्डर ट्रेडला लागलाय. एक वर्षाचा कोर्स. परवा घरी येऊन कुरकुरला, "काका, तीन आठवडे झाले, नुसत्या पट्टीवर सरळ रेघा मारायला लावतात." मला हसू आलं. १९९८ मध्ये भोसरीत अ‍ॅप्रेंटिस लागलो तेव्हा पहिले चार महिने मला तेवढंही मिळालं नव्हतं, रॉड धरायचा चिमटा म्हणजे होल्डर हातातच आला नव्हता. ग्राइंडर, वायर ब्रश, चिपिंगची हातोडी आणि दहा वाजता मिस्त्रींचा चहा. प्लेटची कड ३० अंशांत घासायची, खाली दीड एमएम कड न घासता उभीच ठेवायची, तो रूट फेस. दोन प्लेटांमध्ये गॅप सोडायला फ्लक्स (रॉडवरचा लेप) झाडलेला ३.१५ एमएमचा वेल्डिंग रॉड घालायचा, टॅक (प्लेटा जागेवर धरणारा छोटा जोड) मारला की काढून घ्यायचा. टॅकसुद्धा मिस्त्रीच मारणार. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता पुढे गेले, तर समजायचं पास.

प्लेट आणि स्ट्रक्चरलच्या कामात शिकाऊ म्हणून राबलेल्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको. काय शिकलात, काय बिघडवलंत, ते हवं.

— — —

मी १९८३ ला शिकाऊ लागलो, पिंपरीला. आमच्याकडे तेलाचा ट्रान्सफॉर्मर, वरचं चाक फिरवून करंट कमीजास्त करायचा. आमचे मास्तर आमच्याकडे पाठ करून ड्रॉइंग बघत बसलेले असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "आर्क लांब धरलीस!" वळून बघतसुद्धा नसत. मला वाटायचं, माणसाला पाठीलाही डोळे आहेत. पुढे कळलं, ते ऐकत होते. आर्क म्हणजे रॉडच्या टोकापासून प्लेटपर्यंत पेटलेली ठिणगी. ती लांब झाली की आवाज फडफडतो, पोकळ होतो. बेताची असली की एकसारखा चरचरता राहतो. वर्षभराने मलाही ऐकू यायला लागलं. आता कानाचं मशीन लावतो, ते वेगळं.

— — —

२०१६ ची बॅच. वर्गात आम्ही दोघीच मुली. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "ओढणीचं काय करशील?" त्याचं उत्तर सोपं होतं. नायलॉनचं काहीच अंगावर नको, पायमोजेसुद्धा सुती, कारण ठिणगी पडली की नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

अ‍ॅप्रेंटिसशिप चाकणला, सगळं काम मिगवर, म्हणजे रॉडऐवजी मशीनमधून आपोआप येणाऱ्या वायरने. आयटीआयत साध्या रॉडने वर्ष काढल्यावर मिग म्हणजे मजा वाटली. ना स्लॅग (जोडावर जमणारी खपली) ना रॉड बदलणं, वायर आपली येतच राहते. दुसऱ्या महिन्यात १० एमएमच्या प्लेटवर टेस्ट पीस मारला. मणी, म्हणजे वेल्डची रेघ, इतका सुरेख की मी फोटो काढून घरी पाठवला. मग त्यातून पट्टी कापली आणि बेंड टेस्टला लावली. प्रेस खाली आला, पट्टी वाकायला लागली आणि बरोबर जोडाच्या कडेने उघडली. फाटली नाही, उघडली, चपलेचा तळ सुटतो तशी. आत कड जशीच्या तशी, ग्राइंडरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. म्हणजे धातू वितळलाच नव्हता, माझा मणी नुसता वर बसला होता. करंट कमी ठेवलेला, कारण त्याने ठिणग्या कमी उडतात आणि दिसायला छान येतं. सुपरवायझर साहेब रागावले नाहीत, ती पट्टी मलाच देऊन टाकली. अजून घरी आहे.

(आणि लेडीज टॉयलेट दोन शेड सोडून होतं. तेही अनुभवातच धरा.)

— — —

धायरीला ग्रिलच्या दुकानात शिकलो, कागदावर कुठेच नाही. "टॅकच तर मारायचाय, स्क्रीन कशाला" म्हणून तोंडासमोर काळी काच न धरता दिवसभर डोळे मिटून टॅक मारले. रात्री दोनला उठलो तर डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं. आजीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गार वाटलं, एवढंच. सकाळी डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत.

— — —

माझं बिघडवलेलं काम सांगतो. शंभर एमएमच्या चॅनलची (इंग्रजी C आकाराचा लोखंडी बार) बेस फ्रेम, तीन मीटर लांब. बुधवारी संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "टॅक झालेत, कर्ण मोजलेत, उद्या गुरुवार, सुट्टी. परवा दोघे मिळून मारू." मला शहाणपणा सुचला. थांबून एकट्याने सगळे वरचे जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मारले. शुक्रवारी मिस्त्रींनी फ्रेमच्या कोपऱ्याखाली काडेपेटी सरकवली. आरामात गेली.

वेल्ड थंड होताना आखडतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. मी सगळी ओढ एकाच बाजूने लावली होती. मिस्त्रींनी फ्रेम उलटी केली, गॅसने ठरावीक ठिकाणी लाल ठिपके दिले, गार होऊ दिलं, पुन्हा दिले. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून थोडं इकडे, मग समोरच्या कोपऱ्यात, मग उलटं करून. खंडेनवमीला त्यांनी माझ्या टेपला वेगळं हळदकुंकू लावलं. टोमणा होता.

— — —

मी सहा महिन्यांत सोडलं. २०२१, स्टायपेंड सात हजार, खोली आणि मेसमध्येच संपायचा. आता गाडीवरून डिलिव्हरी करतो. पण कुणाचा लोखंडी जिना चढताना नजर जोडावरच जाते, अंडरकट (जोडाच्या कडेला पडलेली खाच) दिसतो.

— — —

७०१८ रॉडचं, ज्याला ओल अजिबात चालत नाही, कुणी लिहिलं नाही? पुण्याच्या जुलैत पाकीट फोडून रात्रभर टेबलावर ठेवला मी. सकाळी तोच रॉड मारला. वरून जोड ठीक. एक्स-रेची फिल्म आली तर खसखस सांडल्यासारखे ठिपके. ओल फ्लक्समध्ये शिरते, तिचा गॅस होतो. भोकं तरी दिसतात. हायड्रोजनने नंतर आतून जाणारी चीर त्याहून वाईट. जोड गाऊज करून, म्हणजे खोदून काढून, पुन्हा भरला. तेव्हापासून रॉड ओव्हनमधून थेट हातातल्या गरम डब्यात.

— — —

पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न वेगळाच: रॉड पट्टीला चिकटला की काय करायचं?

— — —

मनगटाने आडवा झटका दे. नाही सुटला तर होल्डरचा चाप दाबून रॉड सोडून दे, लाल व्हायच्या आत. सोडताना भपकन उडतं, तेव्हा स्क्रीन खालीच ठेव.