मदत हवी आहे: कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये एकच लेखक सात नावांनी दिसतोय

लालबाग_ग्रंथालय
कार्डांवरचा सगळा डेटा कोहात चढवला, १४,००० नोंदी. लेखक शोधला की एकाच माणसाची सात नावं येतात. ‘कुसुमाग्रज’ टाकलं तर शिरवाडकरांची नाटकं येत नाहीत. शनिवारी समितीला दाखवायचंय. झटपट उपाय सांगा.

मार्कमित्र
मूळ टायपिंग युनिकोडमध्ये की श्रीलिपीत? १०० मध्ये, म्हणजे लेखकाच्या रकान्यात, आडनाव आधी आहे की नंतर? ऑथॉरिटी, म्हणजे लेखकांच्या प्रमाण नावांच्या नोंदी, कशा तयार केल्या?

लालबाग_ग्रंथालय
श्रीलिपीतून कन्व्हर्टरने. नावं कार्डावर होती तशीच. ऑटोक्रिएट-ऑथॉरिटीज हे सेटिंग चालू करून पुस्तकं ऑथॉरिटींना जोडणारी लिंकिंगची स्क्रिप्ट चालवली. अजून काय करायचं असतं?

मार्कमित्र
तिथेच घोळ झाला. जुळणारी ऑथॉरिटी सापडली नाही की ती स्क्रिप्ट नवी बनवते. ‘शिरवाडकर, वि. वा.’, ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ ही तिच्या लेखी तीन माणसं. सगळं पुसा. मूळ एक्सेल ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या प्रोग्रॅममध्ये घाला, आधी टिंबाच्या जागी टिंब आणि स्पेस करा, मग फिंगरप्रिंट क्लस्टरिंग (सारखी नावं एकत्र आणणारी सोय). हे क्लस्टरिंग टिंब नुसतं उडवतं, त्यामुळे ‘वि.वा.’चं ‘विवा’ होतं आणि ‘वि. वा.’शी जुळत नाही.

गिरगाव_कार्डवाला
बारकोडची लेबलं डायरेक्ट थर्मलवर छापू नका, वर्षभरात फिकी पडतात. थर्मल ट्रान्सफर आणि रेझिन रिबन घ्या.

लालबाग_ग्रंथालय
बारकोडचं कुणी विचारलंय? आणि पुसता येणार नाही, जूनपासून देवघेव याच्यावर चालू आहे.

मार्कमित्र
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये नको का सांगायला!

झेब्रा_क्रॉसिंग
मग पुसायचं नावच काढू नका. बॅकअप घ्या, ऑटोक्रिएट बंद करा, ऑथॉरिटी शोधात एका वेळी दोन नावं घेऊन, सातांचं एक होईपर्यंत मर्ज करा. पुस्तकांच्या नोंदी आपोआप बदलतात. मात्र एका नावाखाली ५० पेक्षा जास्त नोंदी असतील तर लगेच बदलत नाहीत, ते काम मर्ज-ऑथॉरिटीजच्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टवर, पडतं. क्रॉन लावलेला नसेल तर शनिवारी समितीसमोर जुनीच नावं दिसतील. उरलेली रूपं ऑथॉरिटीच्या ४०० मध्ये (‘पहा’चा रकाना) टाका, ‘इन्क्लूड-सी-फ्रॉम-इन-सर्चेस’ चालू करा आणि पूर्ण रीइंडेक्स करा (शोधाची सूची नव्याने बनवा). मग कुठलंही रूप टाका, पुस्तकं येतील.

मार्कमित्र
‘कुसुमाग्रज’ मात्र ४०० मध्ये घालू नका. कविता त्या नावाने, नाटकं शिरवाडकर नावाने. एएसीआर२ या तालिकीकरणाच्या नियमांप्रमाणे या दोन स्वतंत्र ओळखी: दोन ऑथॉरिटी, दोन्हीकडे ५०० चा ‘हेही पहा’. खानोलकर आणि आरती प्रभूंचंही तेच.

झेब्रा_क्रॉसिंग
नियम बरोबर, पण वर सांगितलेलं सेटिंग ४०० बघतं, ५०० नाही. त्यांची तक्रारच ती आहे. वाचक काउंटरवर नियम घेऊन येत नाही.

मार्कमित्र
म्हणून कवितासंग्रहावर ‘शिरवाडकर’ हेडिंग? मुखपृष्ठावर काय छापलंय ते बघा एकदा.

गिरगाव_कार्डवाला
जुन्या कार्डांवर ‘पहा’ आणि ‘हेही पहा’ वेगळेच असायचे. ती कार्डं चढवली का?

लालबाग_ग्रंथालय
ती वगळली, त्यांना दाखल क्रमांक नव्हता.

मार्कमित्र
म्हणजे तयार ऑथॉरिटी फाइल बाजूला ठेवलीत. रद्दीत देऊ नका, तीच समोर ठेवून ४०० की ५०० ठरवा.

लालबाग_ग्रंथालय
सात नावांचं एक झालं. पण ‘कऱ्हाडे’ दोनदा येतं, अक्षर न् अक्षर सारखं!

झेब्रा_क्रॉसिंग
दिसायला सारखं. एकात ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोड नॉर्मलायझेशनने ते एक होत नाहीत. ऑथॉरिटी मर्ज करा. शीर्षकांतही हाच प्रकार असणार, त्यासाठी नोंदी एक्सपोर्ट करून मार्कएडिट या नोंदी सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये रिप्लेस करा. परत चढवताना ९९९ डॉलर सी (कोहाचा नोंद क्रमांक) वर मॅचिंग रूल लावा आणि आयटम (प्रती) दुर्लक्षित ठेवा, नाहीतर १४,००० चे २८,००० होतील. ऑटोक्रिएट बंद केलंत ना?

लालबाग_ग्रंथालय
ते कुठे असतं?