मदत हवी आहे: तेलकट केसांवर केस ओढून तपासणी कशी करावी?

शेगाव तालुक्यातल्या गावांसाठी केसगळती लवकर ओळखायची पद्धत ठरवतोय. जानेवारी 2025 मध्ये इथल्या गावांत अचानक अनेकांचे केस गळाले. तेव्हापासून केस गळाला की लोक आधी पाण्यालाच नावं ठेवतात, म्हणून नीट तपासणी हवी.

साठेक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढायचे. सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे. अट एकच, आदल्या दिवशी डोकं धुतलेलं नको. पण बायकांच्या केसांना रोज तेल! बोटं घसरतात. धुवायला सांगावं तर सुटे केस न्हाणीतच जातात. कोरड्या सुती फडक्याने धरलं तर चालतं का?

बाकी ओळख सोपी. डेंगू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून गळतात. भांग रुंदावला, पण कपाळाकडची कड शाबूत, तर बहुधा आनुवंशिक. गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे चाई. पोराच्या डोक्यावर खवले, तुटके खुंट दिसले तर गजकर्णाचा संशय. तिथे नुसतं मलम मुळापर्यंत पोचत नाही, डॉक्टरांकडून पोटातलं औषधच लागतं.

आणखी दोन गोष्टी. हिमोग्लोबिन 12 असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. फेरिटिनसाठी (हा साठा दाखवणारी रक्ततपासणी) नमुना कुठे पाठवता? आणि मिनॉक्सिडिल (केस वाढायला डोक्याला लावायचं औषध) सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढते, लोक घाबरून बाटली फेकतात. चार महिने थांबा, हे त्यांना कसं पटवता?