वडिलांची नाकातली नळी काढून पोटातून बसवावी का?

सातपूरकर:
वडील ७१ वर्षांचे. पक्षाघात होऊन सहा आठवडे झाले. चमचाभर पाण्यानेही ठसका लागतो, म्हणून नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे अन्न भरवायची नळी आहे. ती त्यांनी दोनदा ओढून काढली. आता रात्री हात कापडाने बांधतो, ते बघवत नाही. डॉक्टर म्हणतात पेग करू, म्हणजे पोटावरून थेट जठरात नळी बसवू. आई म्हणते, त्यांच्या पोटाला भोक पाडू नका. कुणाच्या घरी केलंय का?

पंचवटीची सून:
दादा, माझ्या सासूबाईंना केलं. पोट फाडत नाहीत. तोंडातून दुर्बीण उतरवतात, बाहेरून छोटासा छेद देतात आणि तिथे नळी बसवतात. अर्ध्या तासात बाहेर आणलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते आधीच विचारा, स्वतःहून बंद करू नका. आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, ऐनवेळी तारीख पुढे गेली.

नाचणीची पेज मलमलच्या फडक्यातून गाळा. मी एकदा घाईत चहाच्या गाळणीने गाळली आणि नळी तुंबली. सिरिंजने कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करत पाऊण तास बसले होते, घामाने भिजले. तेव्हापासून पेजेच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी, एकदाही चुकवलं नाही. गोळ्या पेजेत मिसळू नका. कोणत्या कुटायच्या नाहीत तेही विचारून घ्या. भरवताना डोकं उंच हवं, नंतरही तासभर आडवं करू नका.

आईंना एवढंच सांगा, नाकातली नळी निघाल्यावर सासूबाईंनी आधी काय केलं, तर चांगल्या हाताने नाक चोळलं. कितीतरी वेळ चोळत होत्या. आणि गिळणं परत आलं तर ही नळीही काढता येते.

नर्स, नाशिकरोड:
पेग निघून आली तर तडक हॉस्पिटल गाठा, छिद्र काही तासांतच बुजायला लागतं. पहिल्या महिन्यात तर घरी परत घालायची अजिबात नाही, पेज थेट पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. तोंडाने खात नसले तरी दात, जीभ रोज दोनदा स्वच्छ करा. पेग असली तरी लाळ छातीत जाऊन न्यूमोनिया होतो.

सातपूरकर:
गोळी चालूच आहे, उद्या सकाळीच विचारतो. ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. नाक चोळल्याचं तिने परत वाचायला लावलं.