पोर्टर रॉबिन्सनचा ‘स्माइल! :डी’ : गिटार हातात घेतली म्हणून तो परका झाला का?

निनादवेडा

इलेक्ट्रॉनिक संगीतकार पोर्टर रॉबिन्सनचा तिसरा स्टुडिओ अल्बम ‘स्माइल! :डी’ २६ जुलै २०२४ला आला. तेव्हापासून त्याच्या जुन्या चाहत्यांची एक तक्रार सतत कानावर येतेय: गडी आता इलेक्ट्रॉनिक राहिला नाही, गिटारवाला झाला. मला ती अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

त्याचं नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. जन्म १९९२चा, वाढला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात. २०११मध्ये ‘स्पिटफायर’ ही ईपी (अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच) आली, स्क्रिलेक्स या नावाजलेल्या डीजेच्या लेबलवर. दणदणीत क्लब संगीत होतं ते. मग त्यातून मन उडालं आणि २०१४मध्ये ‘वर्ल्ड्स’ केला. त्यानंतर काही वर्षं काहीच सुचेना. नैराश्याबद्दल तो स्वतः उघडपणे बोललाय. त्या काळातून बाहेर पडून २०२१मध्ये ‘नर्चर’ आला. आणि आता हा.

माझं म्हणणं असं की या तिन्ही अल्बमांत वाद्यांपेक्षा आवाजाकडे बघा. ‘वर्ल्ड्स’मधल्या ‘सॅड मशीन’मध्ये मुख्य आवाज माणसाचा नाहीच. तो यामाहाच्या व्होकॅलॉइड या गाणारा आवाज बनवणाऱ्या तंत्रावरचा ‘अवाना’ नावाचा सॉफ्टवेअर-आवाज आहे. ‘नर्चर’मध्ये पोर्टर स्वतः गातो, पण कित्येक ठिकाणी आवाज वर चढवून, पोत बदलून. ‘गेट युअर विश’ ऐकून कुणी बाईच गातेय असं वाटतं. आणि ‘स्माइल’मध्ये ‘रशियन रुलेट’ लावा. एका माणसाचा, जरासा फाटणारा, जवळून येणारा आवाज, आणि विषय काय तर जगावंसं न वाटणं आणि त्यातूनच पुन्हा जगावंसं वाटणं. हे गाणं सॉफ्टवेअरच्या तोंडून ऐकलं असतं तर ते गोष्ट वाटलं असतं. इथे ते गोष्ट वाटत नाही.

गिटार त्यासाठी आहे. उघडा आवाज पेलायला तसंच उघडं, खरबरीत काहीतरी सोबत लागतं. त्याने इलेक्ट्रॉनिक संगीत सोडलेलं नाही. ज्याच्या आड तो उभा राहायचा, ते सोडलंय.

अनवट

मांडणी सुरेख आहे, पण इतकी सरळ रेष खरी नाही. ‘सॅड मशीन’ द्वंद्वगीत आहे. अवानाला उत्तर देणारा पुरुषी आवाज पोर्टरचाच आहे, तोही २०१४मध्ये. म्हणजे ‘आधी यंत्र, मग अर्धा माणूस, मग पूर्ण माणूस’ हा प्रवास तुम्ही मागाहून जुळवलाय.

आणि या अल्बममधला आवाज ‘उघडा’ कुठून झाला? ‘नॉक युवरसेल्फ आउट’ ऐका. ‘किट्सुने मेझॉन फ्रीस्टाइल’ ऐका. ऑटोट्यूनने, म्हणजे गायकाचा सूर जागेवर बसवणाऱ्या सॉफ्टवेअरने, माखलेत दोन्ही. दहा गाण्यांतल्या दोन-तीन गाण्यांवरून अख्ख्या अल्बमला प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र देऊ नका.

निनादवेडा

‘सॅड मशीन’मध्ये त्याचा आवाज आहे, बरोबर. पण कसा आहे तेही बघा. थरांच्या आत, मागे, एका पात्राचे संवाद म्हणणारा. तिथे तो गोष्टीतला मुलगा आहे, पोर्टर नाही. ‘स्माइल’मध्ये तो स्वतःच्या प्रसिद्धीबद्दल, स्वतःच्या चाहत्यांबद्दल, आरशातल्या स्वतःबद्दल गातोय.

ऑटोट्यूनचं म्हणाल तर तो आज मुखवटा राहिलेलाच नाही. १९९८मध्ये शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये तो पहिल्यांदा इतका ठळक ऐकू आला तेव्हा लोक दचकले. आता गायक रोजच्या बोलीसारखा वापरतात. ऑटोट्यूनमधूनही माणूस ओळखू येतो. ‘गेट युअर विश’मध्ये येत नव्हता.

खर्जषड्ज

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून या मुद्द्यात थोडी भर घालतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र होताहेत.

ऑटोट्यून सूर जवळच्या पट्टीतल्या स्वरावर नेऊन बसवतं. गळा कुणाचा हे त्याने बदलत नाही, फक्त दोन सुरांमधली घसरण कापली जाते आणि म्हणून तो ‘पायऱ्या-पायऱ्यांचा’ आवाज येतो. ‘नर्चर’मध्ये जे केलंय ते वेगळं. तिथे सुराबरोबर फॉर्मंटही सरकवलेत. फॉर्मंट म्हणजे घसा आणि तोंडाच्या पोकळीत काही कंपनं जास्त घुमतात, ते पट्टे. कान त्यांच्यावरून समोरच्याचा गळा केवढा आहे याचा अंदाज बांधतो. ते वर नेले की गळा लहान वाटतो, मग बाईचा किंवा मुलाचा आवाज ऐकू येतो. टेप जोरात पळवली की आवाज चिरका होतो, कारण सूर आणि फॉर्मंट दोन्ही सारख्याच प्रमाणात चढतात. पोर्टरने दोन्ही वेगवेगळे आणि इतके जपून सरकवलेत की चिरकेपणा येत नाही, दुसरंच कुणीतरी गातंय असं वाटतं.

त्यामुळे निनादवेडा म्हणताहेत ते तांत्रिक अर्थाने बरोबर आहे. ‘स्माइल’मध्ये सुरांवर संस्कार भरपूर आहेत, पण गळा बहुतेक ठिकाणी त्याचाच राहतो.

अल्बम मात्र मला आवडलेला नाही, आणि कारण दुसरंच आहे. तो फार ठासून भरलाय. ‘चिअरलीडर’च्या सुरुवातीचा तो फाटका, कर्कश सिंथ (सिंथेसायझर) आणि त्यावर आदळणारे ड्रम. ठीक, तिथे ती मागणी आहे. पण गाणं वाढलं की आवाजाला जायला जागाच उरत नाही, कारण पहिल्या काही सेकंदांतच छताला डोकं लागलंय. स्ट्रीमिंगवाले सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे गाणं किती मोठ्याने ऐकू येतं याचं माप) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे जोरात मास्टर करून, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आवाज चढवून, फायदाही होत नाही. गाणं नुसतं खाली ओढलं जातं आणि चपटेपणा तेवढा शिल्लक राहतो. ‘वर्ल्ड्स’मधलं ‘सी ऑफ व्हॉइसेस’ आठवा. कितीतरी वेळ नुसतं तरंगत राहतं आणि मग ड्रम येतात. तो संयम ज्याच्याकडे होता त्याने हे करावं, याचं वाईट वाटतं.

मंद्रसप्तक

खर्जषड्ज यांच्याशी शंभर टक्के सहमत. हेडफोनवर सलग पूर्ण अल्बम ऐकवत नाही.

सांजधून

मला तर तोच दणका हवा होता! पॉप-पंक ऐकत वाढलेल्या माणसाला ‘चिअरलीडर’चं ध्रुवपद सुरू झालं की जे होतं ते उणे १४मध्ये मोजता येत नाही. ते गाणं काय सांगतं तेही बघा ना. चाहता आणि कलाकार यांच्यातलं एकतर्फी प्रेम. कलाकाराला कौतुकाची चटक लागते आणि चाहत्याला त्याच्यावर हक्क सांगावासा वाटतो. असं गाणं हळुवार कसं असेल?

अनवट

सांजधून, तुम्ही नेमकं माझ्या दुखण्यावर बोट ठेवलंत.

‘वर्ल्ड्स’ मला एवढा जवळचा का? त्यात पोर्टर कुठेच नव्हता म्हणून. त्याने एक जागा बांधली आणि स्वतः बाजूला झाला. मी कुणीही असलो तरी त्या जागेत शिरू शकत होतो. ‘शेल्टर’चंही तेच. २०१६मध्ये मॅडिऑन या फ्रेंच संगीतकाराबरोबर केलेलं ते गाणं आणि ए-वन पिक्चर्स या जपानी स्टुडिओने काढलेली त्याची ॲनिमेशन फिल्म. त्यातल्या मुलीच्या जागी लाखो लोकांनी स्वतःला पाहिलं. ‘नर्चर’ खासगी होता, पण न सुचण्याची भीती कुणाला ठाऊक नाही? तिथेही मला दार होतं.

‘स्माइल’मध्ये मात्र प्रसिद्ध माणूस प्रसिद्ध असण्याबद्दल गातो. फॅशनच्या ब्रँडचं नाव, पिंटरेस्ट या चित्रं जमवायच्या साइटचं नाव, रॅपर लिल वेनच्या मुलाखतीचा तुकडा. हे सगळं त्याच्या आयुष्यातलं सामान आहे. मी ते बाहेरून बघतो. तुम्ही म्हणता पडदा काढला. मला वाटतं, पडदा काढल्यावर समोर जो दिसला तो त्या पडद्यावरच्या चित्रापेक्षा लहान निघाला.

निनादवेडा

हा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि मला त्याचं उत्तर नीट द्यायचंय.

‘इयर ऑफ द कप’ घ्या, ज्यात लिल वेनचा तो तुकडा आहे. आपली नशा ही आपली वैयक्तिक बाब आहे असं ठणकावून सांगणारा, बाहेरून अभेद्य वाटणारा एक मोठा कलाकार. त्याच्याकडे बघत वाढलेला एक पोरगा. आता तो पोरगा स्वतः मंचावर आहे आणि त्याला कळतंय की ती अभेद्यता खरी नव्हती. हे फक्त प्रसिद्ध माणसाचं दुःख आहे का? आपण ज्यांना पाहून घडलो, त्यांच्यासारखं होऊन बघितल्यावर हाती काय लागलं, हा प्रश्न नोकरी करणाऱ्यालाही पडतो, शिकवणाऱ्यालाही पडतो.

‘इझिअर टू लव्ह यू’मध्ये तर ब्रँड नाही, मंच नाही. स्वतःवर माया करणं एवढं अवघड का जातं, एवढंच आहे. तुम्हाला दार त्या गाण्यात मिळेल असं मला मनापासून वाटतं.

आणि ‘लहान निघाला’ याबद्दल. हो, माणूस कल्पित जगापेक्षा लहानच असणार. पण दहा वर्षं आपण ज्या जगात वावरलो ते बांधणारा केवढा आहे हे दाखवायला त्याला धीर लागला असेल. मी चाहता म्हणून त्या धीराच्या बाजूने उभा आहे.

पडघम

या निमित्ताने डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीची आठवण होणं साहजिक आहे. २०१३चा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’. त्यांनीही लॅपटॉप बाजूला सारून हाडामांसाचे वादक बोलावले, नाइल रॉजर्सची गिटार घेतली. तेव्हाही कुरकुर झाली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. वाद्यं बदलली म्हणून कलाकार बदलत नाही.

अनवट

पडघम, तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. डाफ्ट पंकने वादक बदलले, पण चेहरा झाकणारं ते यंत्रमानवी शिरस्त्राण काढलं नाही आणि यांत्रिक आवाजही सोडला नाही. म्हणूनच गिटार वाजत असूनही ते डाफ्ट पंकच वाटले. पोर्टरने गिटारही घेतली आणि आवाजही बदलला. मग ओळख धरायची कुठे?

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. त्याच उन्हाळ्यात, ७ जूनला, चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेचा ‘ब्रॅट’ हा अल्बम आला. त्यात मत्सर आहे, असुरक्षितता आहे, मूल हवं की नको याची घालमेल आहे, सोफी या संगीतकार मैत्रिणीच्या मृत्यूचं दुःख आहे. सगळं उघडं. आणि तरी क्लबचा ठोका तिने सोडलेला नाही. मनातलं बोलायचं तर गिटार हवीच, हा तुमच्या मूळ पोस्टचा पाया ‘ब्रॅट’ने उखडला.

निनादवेडा

‘हवीच’ असं नाही म्हणणार. चार्लीला लागली नाही, कारण क्लब हे तिचं घर आहे. तिथला ठोका तिला बळ देतो. पोर्टरचं तसं नाही. २०१४मध्येच तो त्या दुनियेला कंटाळून बाहेर पडला. मधे २०१७मध्ये ‘व्हर्च्युअल सेल्फ’ या वेगळ्या नावाने परत गेला, आणि त्यातल्या ‘घोस्ट व्हॉइसेस’ला ग्रॅमी नामांकनही मिळालं. पण बघा, तिथे जायला त्याला नावच बदलावं लागलं. क्लबच्या ठोक्यावर तो पोर्टर म्हणून बोलूच शकला नसता.

खर्जषड्ज

‘व्हर्च्युअल सेल्फ’चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटला. मास्टरिंगबद्दलचं मत कायम.

सांजधून

अनवट, रागावू नका, पण तुम्हाला ‘वर्ल्ड्स’ पुन्हा हवाय. तो त्याने केलाय. तो आहे तिथेच आहे, कुणी नेला नाही.

अनवट

रागावलो नाही. पण मला ‘वर्ल्ड्स’ पुन्हा नकोय. ‘नर्चर’ ‘वर्ल्ड्स’सारखा नव्हता, तरी पहिल्या दिवसापासून आवडला. मला फक्त त्याचा कान हवाय. आवाजाच्या पोताशी खेळणारा, एक स्वर चिरून त्याचे तुकडे पेरून ठेवणारा. तो कान या अल्बममध्ये वारंवार मागच्या बाकावर बसतो आणि शब्द पुढे येतात. शब्दांची ताकद मी नाकारत नाही, पण शब्दांसाठी माझ्याकडे दुसरे शंभर गायक आहेत.

निनादवेडा

पोत मागे गेलाय हे मी मानतो. मागे जाणं म्हणजे नसणं नव्हे, एवढाच फरक. ‘परफेक्ट पिंटरेस्ट गार्डन’मध्ये शब्द सोडून फक्त पार्श्वभूमी ऐकून बघा.

एक विचारतो. या अल्बममधलं एक तरी गाणं तुम्ही काही वर्षांनी आपणहून लावाल का? माझं ठरलेलं आहे, ‘रशियन रुलेट’.

अनवट

‘इज देअर रिअली नो हॅपिनेस?’ तेवढं एक. त्यात गिटार आणि सिंथ जागेसाठी भांडत नाहीत, आणि प्रश्न विचारून तो उत्तराची घाई करत नाही. पूर्ण अल्बम असा झाला असता तर मी तुमच्या बाजूने लिहीत असतो.