अनुभव धागा: जुनी चेतक, पावसाळा आणि गायब झालेला करंट

गियरवायर:
आमच्या सोसायटीत आज कुणीतरी ताडपत्रीखालची बजाज चेतक स्कूटर बाहेर काढली. किक, किक, तिरकी, परत किक... जुने दिवस आठवले. ज्यांनी या गाड्यांची वायरिंग उघडली आहे त्यांनी लिहा. किस्से पुष्कळ झाले, इथे उपाय हवेत.

सुरुवात करतो. दहा किका मारूनही दाद नाही, तर प्लग काढा. कोरडा असेल तर भानगड पेट्रोलची, करंटच्या मागे लागू नका. ओला असेल तर पुसून कॅपमध्ये बसवा, प्लगचं अंग हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी निळी, टक्क आवाज करणारी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी बाहेर दिसते, पण आत दाबाखाली विझते. प्लगचा गॅप 0.6 मिमी.

तर्रीबाज:
ठिणगी नाही म्हणून लगेच कॉइल आणायला पळू नका. प्लग कॅप वायरीत पिळून बसवलेली असते. उलटी पिळून काढा, आतली तार काळी-हिरवी पडली असेल तर वायरचं टोक अर्धा सेंमी कापा आणि कॅप परत पिळा. पावसाळ्यात निम्म्या गाड्या एवढ्यावर चालू होतात.

निवांत_नाना:
आधी कटऑफची वायर सोडवा. बाकी सगळं नंतर.

पाचवा गियर:
नाना, जरा फोड करून सांगा की. नवीन पोरं वाचतायत.

निवांत_नाना:
भाजी फोडणीला टाकली होती, आता सांगतो. कटऑफ दाबला की करंट अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जातो आणि गाडी बंद पडते. हँडलच्या मानेत हीच वायर घासून उघडी पडली, की तेच आपोआप होतं. हँडल एका बाजूला वळवलं की बंद, सरळ केलं की चालू, ही त्याची खूण. इंजिनाजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये ती वायर मोकळी करा. ठिणगी आली तर इंजिन निर्दोष, हँडलकडे शोधा. तोवर गाडी बंद करायची तर ब्रेक दाबून वरच्या गियरमध्ये हळूच क्लच सोडायचा.

भुईनळा:
मला वाटलं तिरकी केल्याशिवाय चेतक चालूच होत नाही, तसा आरटीओचा नियम आहे 😄

तर्रीबाज:
ते कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावं म्हणून. करंटशी काडीचा संबंध नाही. उलट उत्साहाच्या भरात जास्त तिरकी केली तर प्लग ओला होतो, मग आहेच परत पहिल्यापासून.

मॅग्नेटवाला:
पॉइंटच्या (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या) मॉडेलबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे.

मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकवर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या, खिडकीतून पॉइंट दिसतात. मॅग्नेट हाताने फिरवा, पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबा, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. 0.3 ते 0.5 मिमी मध्ये चालतं, मी 0.4 ठेवतो. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते तसा गॅप कमी होत जातो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं. गॅप वाढवला की टायमिंग पुढे. त्यामुळे गॅप हलवला की टायमिंग बघायचंच.

पॉइंटची तोंडं नीट बघा. एका बाजूला टेकाड आणि समोर खड्डा असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) गेला. काळी, तेलकट असतील तर क्रँकचं मॅग्नेटकडचं ऑइल सील गळतंय, नुसतं पुसून चार दिवस चालेल. साफ करायला बारीक पॉलिश पेपर, मग पेट्रोलचं फडकं, शेवटी कोरडा कागद मधून ओढायचा. पेपरची पूड अडकली तर एवढं सगळं करून करंट शून्य! कॅमला तेल पुसणाऱ्या फेल्टला तेलाचा एकच थेंब. दुसरा थेंब पॉइंटवर जातो.

कंडेन्सरची अजून एक खूण: गाडी थंड असताना झकास, दहा-पंधरा मिनिटांत फटफट करून बंद, अर्ध्या तासाने परत चालू. अंधारात खिडकीतून बघा. पॉइंटमध्ये जाड पांढरी-निळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदला आणि सोबत पॉइंटही. जुन्या पॉइंटवर नवा कंडेन्सर म्हणजे गळक्या नळाखाली नवी बादली.

कोकणफणस:
मॅग्नेट काढताना हातोडी घालणारे महाभाग अजून आहेत. पुलरच वापरा. ठोकलं की क्रँकचं टोक वाकतं, चुंबकही कमजोर होतं. आतली चंद्रकोरीसारखी की (मॅग्नेट जागेवर धरणारी खीळ) तपासा. ती कातरली गेली असेल तर ठिणगी फर्स्टक्लास, पण गाडी नुसती शिंकते किंवा किक उलटी मारते. आतली कॉइल बसवलेली प्लेट सोडवण्याआधी प्लेट आणि केसिंग दोन्हीवर मिळून एक रेघ मारा, नाहीतर टायमिंग शोधत बसाल.

पाचवा गियर:
आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांनी काय करायचं? पॉइंट नाहीत, डोकेदुखी तीच.

मॅग्नेटवाला:
तिथे गरम झाल्यावर बंद पडणारी चीज म्हणजे पिकअप कॉइल, ठिणगी कधी पाडायची तो इशारा देणारी. एलएमएल वेस्पाच्या पीएक्स पद्धतीच्या प्लेटवर लाल आणि पांढऱ्या वायरीमध्ये साधारण 110 ओहम, हिरव्या आणि पांढऱ्या वायरीमध्ये साधारण 500. मोजताना प्लेटच्या वायरी सीडीआयपासून (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीपासून) सुटलेल्या हव्यात. थंड असताना मोजून समाधान मानू नका. हेअर ड्रायरने कॉइल तापवा आणि परत मोजा. आकडा नाचला किंवा मीटर ओपन दाखवू लागला तर चोर सापडला. सीडीआयला दोष सगळ्यात शेवटी द्या. आणि प्लगची वायर हवेत मोकळी ठेवून किक मारू नका, सीडीआय त्यानेच जातो.

प्लेटच्या वायरींचं रबर जुनं होऊन बिस्किटासारखं चुरतं. टेप गुंडाळून भागत नाही, तेलाने टेप सुटतो. उष्णता सोसणाऱ्या वायरी सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.

आजोळ:
माझ्या गाडीला करंट आहे पण हेडलाइटचे बल्ब टिकत नाहीत. महिन्याला एक.

कोकणफणस:
6 व्होल्ट की 12?

आजोळ:
12. नुकताच रंग दिलाय, अगदी मूळ निळा. फोटो टाकतो संध्याकाळी.

कोकणफणस:
रंग दिलाय ना? तिथेच गोम आहे. व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरच्या बुडाला अर्थ मिळत नाही. जिथे तो बॉडीला बसतो तिथला रंग खरवडा, स्टार वॉशर घाला, वर थोडं व्हॅसलीन. मग मीटर एसीवर ठेवून लाइटच्या वायरीवर मोजा. रेस वाढवली तरी 14 व्होल्टच्या आसपास थांबायला हवं. 20 च्या वर पळालं तर रेग्युलेटर बदला. डीसीवर मोजून 'काहीच येत नाही' म्हणणारे पुष्कळ, बॅटरी नसलेल्या गाडीत लाइटला एसीच असतो.

6 व्होल्टच्या जुन्या गाडीत रेग्युलेटरच नाही, बल्बच भार सांभाळतात. मागचा बल्ब उडाला की उरलेला दाब हेडलाइटवर. म्हणून जेवढ्या वॅटचा होता तेवढ्याच वॅटचा लावायचा.

भुईनळा:
निळ्याचा फोटो टाकाच. डिकीचं कुलूप मूळचं आहे का?

आजोळ:
हो! चावी मात्र एकच आहे. कोकणफणस, धन्यवाद, रविवारी खरवडतो. पोटात गोळा आलाय पण खरवडतो.

पाचवा गियर:
पुण्यात पॉइंट-कंडेन्सर नाना पेठेत बघा. जुना सुटा भाग खिशात घालून जा, नुसतं नाव सांगितलं तर दुसऱ्याच मॉडेलचा हातात पडतो.

तर्रीबाज:
हॉर्नचं कुणी बोललंच नाही. घोगरा झाला असेल तर मागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून बघा. आणि नवा घेताना एसीचाच मागा, बॅटरीवाला डीसी हॉर्न यावर नुसता गुरगुरतो.

निवांत_नाना:
कॉलनीत पत्ता सापडत नव्हता तेव्हा गुरगुरणाऱ्या हॉर्नचाच उपयोग व्हायचा. असो, भाजी लागली.